बी म्हणजे भजन

मला स्वच्छतेचं वेड आहे, हे मी आधीच कबूल करून टाकते. माझं माहेर गिरगावातलं. तिथे चाळीत चार बिऱ्हाडांत मिळून एक मोरी होती, आणि वापरून बाहेर पडताना ती अशी धुवायची की आत कुणी येऊन गेलं याचा पत्ता लागता कामा नये, असा आईचा कायदा होता. आई गेली, चाळही गेली, कायदा मात्र माझ्या हातात राहिला. भांडं निथळायच्या आत पुसायचं, चहाच्या कपाचं वर्तुळ टेबलावर उमटायच्या आत फडकं फिरवायचं, असे माझे हात सतत शिवशिवत असतात.

सासर करी रोडचं. लग्न होऊन आले तेव्हा तिथेही चाळच होती. ती पाडून त्याच जागी टॉवर उभा राहिला आणि आता आम्ही सोळाव्या मजल्यावर राहतो. मी, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासरे, ज्यांना आम्ही सगळेच बाबा म्हणतो. हॉलच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर आहे. चौघांत तो एकच, म्हणजे पुन्हा एकदा सामाईक मोरी.

गेल्या वर्षी हा कॉम्प्युटर फार रखडायला लागला. एखादं पान उघडायला सांगावं आणि तोवर आमटीला फोडणी घालून यावं, अशी गत. मी दादरच्या ज्या ऑफिसात काम करते तिथे एका कॉम्प्युटरवर आम्ही तिघी आळीपाळीने बसतो आणि उठताना प्रत्येकीने आपला मागमूस पुसून उठायचं असा दंडक आहे. कुठली पानं पाहिली, कुठे काय भरलं, तात्पुरत्या म्हणून साठलेल्या फायली, सगळं. तीन बटणं एकदम दाबली की एक चौकट येते, तिच्यातल्या सगळ्या घरांत बरोबरच्या खुणा करायच्या आणि पुसा म्हणायचं. ही विद्या मी घरी आणली. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की दुसरा नमस्कार कॉम्प्युटरला. आज इतकी जागा मोकळी झाली, असा आकडा आला की मला कपाट आवरल्यासारखं वाटायचं.

घरच्यांनी आरडाओरडा केला. मुलीला दर वेळी पासवर्ड नव्याने घालावा लागायचा. नवरा म्हणायचा, "अगं, त्याला रोज आंघोळ घालतेस, एक दिवस सर्दी होईल त्याला." मी ऐकून सोडून द्यायची. बाबा मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. मला वाटलं, घरात एक तरी समजूतदार माणूस आहे.

आता बाबांचं थोडं सांगायला हवं. ते मूळचे मालवणकडचे, सगळी नोकरी गिरणीत झालेली, फोल्डिंग खात्यात. विणून आलेलं कापड तपासायचं, घड्या घालायच्या, गठाणी बांधायच्या आणि गठाणीवर इंग्रजी अक्षर छापायचं. त्या अक्षरावरून गठाण कुठे जाणार ते कळायचं. त्यामुळे बाबांना इंग्रजीतला एक शब्द वाचता येत नाही, पण सव्वीसच्या सव्वीस अक्षरं तोंडपाठ. मी त्यांना कॉम्प्युटर शिकवला तो याच भांडवलावर. म्हटलं, "बाबा, वरच्या पट्टीत नुसतं बी दाबा. तुम्ही नेहमी बघता ते भजनाचं पान खाली आपोआप येतं, त्यावर टिचकी मारा." ते त्यांना इतकं पटलं की विचारू नका. बी म्हणजे भजन, डी म्हणजे दशावतार, एन म्हणजे पेपर. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात ही यादी लिहून ठेवली होती. कॉम्प्युटर ते जणू गठाणी उतरवून घेतल्यासारखा वापरायचे.

शनिवारी खाली सोसायटीच्या हॉलमध्ये भजन असतं. चाळीतलंच मंडळ, फक्त आता त्यांना लिफ्टने खाली यावं लागतं. बाबा तिथले बुवा. पेटीवर बसायचं आणि शंभरेक अभंग पुस्तकाकडे न बघता म्हणायचे, हा त्यांचा थाट. पण माझी साफसफाई सुरू होऊन महिना झाला असेल, बाबा एका शनिवारी खाली गेले नाहीत. घसा बसलाय म्हणाले. पुढच्या शनिवारी गुडघा. मग मंडळातल्या लोकांना त्यांनी सांगूनच टाकलं की आता दुसरा बुवा बघा. लालबागला मासे आणायला एकटे जायचे, तेही थांबलं. आपल्या कपाटाची किल्ली कुठे असते, कुठला कागद कुठल्या पिशवीत आहे, हे त्यांनी एका दुपारी मला बसवून दाखवलं. मी मनात म्हटलं, वय झालं, माणूस निवळतो. ऑफिसातल्या मैत्रिणीला कौतुकाने सांगितलंसुद्धा. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत दोन द्याव्याशा वाटतात.

एका संध्याकाळी मुलीचा ऑफिसात फोन आला. "आई, प्लीज, आज पुसायच्या आधी बघ. मी एक फॉर्म उघडलाय, त्याचं पान मला हवंय." म्हणून त्या दिवशी मी पहिल्यांदाच दिवसभरात कोणी काय पाहिलं ती यादी पुसण्याआधी उघडली. मुलीचा फॉर्म वरच होता, त्याचा पत्ता मी टिपून घेतला. त्याच्या खाली, भर दुपारच्या वेळेच्या, ओळीने काही मराठी वाक्यं होती. दुपारी घरात बाबांशिवाय कुणी नसतं. त्यांना टाइप करता येत नाही, पण माइकचं चित्र दाबून बोललं की लिहिलं जातं, हे मुलीने त्यांना कधीतरी दाखवलं होतं.

"अक्षर लक्षात राहत नाही." "काल आठवलं आज आठवत नाही." "विसरण्याचा आजार कसा सुरू होतो." हे वाक्य तीनदा होतं. आणि शेवटचं, "भावाला विसरण्याचा आजार झाला तर दुसऱ्या भावाला होतो का."

 बाबांचे थोरले भाऊ गावी होते. शेवटची पाच वर्षं त्यांना कुणी ओळखू येत नव्हतं. घरातून निघून जायचे आणि वाडीतली माणसं कंदील घेऊन शोधायची. शेवटी शेवटी ते बाबांनाच विचारत की माझा भाऊ कधी येणार मुंबईहून. बाबा हे कधी बोलत नाहीत, पण भाऊ गेल्यावर ते कितीतरी दिवस जेवणाच्या ताटावर नुसते बसून राहत.

मी कॅलेंडर उलटून पाहिलं. भजनापुढचं बी खोडलं होतं. पुढे व्ही लिहून खोडलं होतं, मग पी, मग पुन्हा बी आणि त्यावर प्रश्नचिन्ह. दशावताराचंही तेच. 

काय झालं असेल ते मला तिथेच उभ्या उभ्या उमगलं. ते पान नेहमीचं आहे हे कॉम्प्युटरला ज्यामुळे कळायचं, ते मी रोज संध्याकाळी पुसत होते. सकाळी बाबा बी दाबायचे आणि भजनाऐवजी कुठलं तरी बूट विकणारं दुकान यायचं. मग बोलून भजन शोधलं की तेवढ्या दिवसापुरतं बी पुन्हा चालायचं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बूट. काल होतं, आज नाही. थोरल्या भावाचं जसं सुरू झालं होतं, अगदी तसं. आणि त्यांनी हे माइकपाशी पुटपुटलेलं सगळं दर संध्याकाळी मीच, न वाचता, पुसून टाकत होते. जुन्या चाळीत ही गोष्ट आठ दिवसही लपली नसती. म्हातारा दुपारी एकटाच काहीतरी बोलतोय, हे गॅलरीतल्या कुणीतरी मला जिन्यातच सांगितलं असतं.

बाबा खिडकीपाशी बसले होते. मी जाऊन विचारलं, "बाबा, भजनाचं अक्षर कुठलं हो?"

हा प्रश्न असा विचारायला नको होता. त्यांना वाटलं मी परीक्षा घेतेय. चेहरा उतरला. बाहेर बघतच म्हणाले, "बी होता गो. आता खंयचा ता माका म्हायत नाय."

"बीच आहे बाबा! तुमचं काही चुकलेलं नाही. मीच रोज पुसते म्हणून ते येत नाही." मी सगळं भराभर सांगून टाकलं. मला वाटलं होतं ते हसतील. ते माझ्याकडे फार मायेने बघायला लागले, आणि ते मला जास्त लागलं.

"तू माझी समजूत घालतस," ते म्हणाले. "दादाक पण आमी असाच सांगायचो. तुझा काय चुकला नाय, चष्मोच खराब आसा."

 मी त्यांना हाताला धरून कॉम्प्युटरपुढे बसवलं. गिरणीत त्यांनी वरची घडी बघून कधी गठाण सोडली नव्हती, आतलं कापड उलगडून बघायचे. म्हटलं, तसंच बघा. त्यांनी माइकमध्ये बोलून भजनाचं पान काढलं. मग नवं कोरं पान उघडून वरच्या पट्टीत बी दाबलं. भजन आलं. मग मी माझी तीन बटणं दाबली, खुणा केल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं पुसलं. "आता दाबा." त्यांनी बी दाबलं. बूट.

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "परत," म्हणाले. परत केलं. भजन, पुसलं, बूट. "आता डी." डीचंही तेच. मग त्यांनी मला उठवलं, माझ्या खुर्चीवर स्वतः बसले आणि पुसायची बटणं स्वतःच्या बोटांनी दाबली, कारण मी मध्ये काही हातचलाखी करत नाही याची खात्री व्हायला हवी होती. बुटांचं दुकान तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्यांनी त्या बुटांकडे अशा नजरेने पाहिलं की जणू देव प्रसन्न झालाय.

मग ते रडले. मी या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहिलं. तोंडावर पंचा धरून, खांदे हलवत रडले, आणि मधेच हसायला लागले. "महिनोभर," म्हणाले, "महिनोभर मी रोज सकाळी उठान आधी तुमची नावां म्हणून बघी होतंय. तुझा, झिलाचा, नातीचा. आसत मा अजून, म्हणून."  मी तिथेच फरशीवर बसले, त्यांच्या पायाशी, आणि माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्या डोक्यावर एक टपली मारली. "मोरी धुतस ती धू," म्हणाले, "माझा डोक्या धुवू नको." माझा जीव तेव्हा भांड्यात पडला.

नवरा आणि मुलगी घरी आल्यावर दोघांना सगळं सांगितलं. नवरा बाबांच्या शेजारी जाऊन बसला आणि पानं एकदा माइकने शोधून मग उगाचच त्यांच्याकडून बी, डी, एन करून सगळी उघडून घेतली. पुसण्याची ती चौकट मी त्याच संध्याकाळी बदलली. तात्पुरत्या फायली पुसते अजून, ते माझ्याच्याने सुटणार नाही. पण कुणी काय पाहिलं त्या घरातली खूण काढून टाकली आहे. कॉम्प्युटर थोडा रखडतो. रखडू दे. बाबांनी कॅलेंडरच्या नव्या पानामागे यादी पुन्हा लिहिली आणि बीभोवती गोल काढला.

त्या शनिवारी ते भजनाला गेले. दुसरा बुवा अजून मिळालेला नव्हता, किंवा मंडळाने शोधलाच नव्हता. आम्ही तिघंही खाली गेलो, मी बायकांत मागे बसले. बाबांनी पेटी पुढे ओढली आणि दोन अभंग असे म्हटले की हॉल दणाणला. तिसऱ्यात, दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर, ते थांबले. पेटीवरचा हात तसाच. मृदंगवाला नुसता ठेका धरून राहिला, झांजा थबकल्या. शब्द खरोखरच आठवत नव्हता. 

बाबांनी मान वर केली. बायकांच्या घोळक्यात मला शोधून काढलं आणि सरळ माइकमध्ये म्हणाले, "ह्या माझा इसारणा हा गो! ह्या तुझा नाय!"

कुणाला काही कळलं नाही, आम्हा तिघांखेरीज. बाबाच मोठ्याने हसले, म्हणून सगळे हसले. झांजवाल्याने वाकून त्यांच्या कानात शब्द सांगितला, त्यांनी तो उचलला आणि भजन पुढे गेलं.