म्हाताऱ्याची मान

रोसाउरा होहोआ अंगानं एवढीशी, म्हणून तिच्या भावानं, सेगुंदोनं, तिला लहानपणीच चित्ररथाच्या पोटात बसवलं. आमच्या पास्तो शहरात सहा जानेवारीच्या उत्सवात कागदाच्या लगद्याचे घराएवढे रथ निघतात. सेगुंदोच्या रथावर दरवर्षी लोककथेतल्या डोंगराच्या म्हाताऱ्याचा पुतळा असायचा आणि आत बसून, दोर ओढून त्याची मान रोसाउरा फिरवायची. मी त्यांच्याकडे रंगकामाला. रथ कसा दिसला ते लोक तिला येऊन सांगत. तिनं स्वतः तो चालताना कधी पाहिलाच नव्हता.

एका वर्षी ती म्हणाली, "मला बाहेरून बघायचंय."

"मग मान कोण फिरवणार? तुझा नवरा?" सेगुंदो हसला. "तो आत अडकला तर रथ फोडावा लागेल!"

तिनं भंगारातून बसच्या वायपरची मोटर तिच्या मागेपुढे हलणाऱ्या दांड्यासकट आणली, तिला प्रोग्रॅमनं हुकूम द्यायला एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणला आणि मोटरची वायर सरळ त्याच्या पिनेला जोडली. मोटर हललीसुद्धा नाही. बोर्डावरचा दिवा मात्र कायमचा विझला.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एर्मेस मास्तरांनी बोर्ड उलटापालटा करून पाहिला. "बाई, याची ताकद एक बारका दिवा पेटवण्यापुरती. त्याला तू बस ढकलायला लावलीस!"

"मग यानं मोटरला सांगायचं कसं?"

"मध्ये ट्रान्झिस्टर घाल. मोटरची वीज बॅटरीतून येईल, ट्रान्झिस्टरच्या वाटेनं. बोर्डानं नुसतं खुणावायचं, की वाट उघडते."

दुसऱ्या बोर्डावर मोटर फिरली. रोसाउरा पोरीसारखी चालू-बंद, चालू-बंद करत बसली आणि असंच एकदा बंद करताना ट्रान्झिस्टर गेला. तिला वाईट वाटण्याऐवजी कोडंच पडलं. ती पुन्हा मास्तरांकडे. "चालताना टिकला, मग थांबताना का मेला?"

"वीज तोडलीस की मोटरच्या गुंडाळीतून उलटा दणका येतो. मोटरला आडवा डायोड लाव, तो वीज एकाच दिशेनं जाऊ देतो; दणका तिथल्या तिथे फिरून विरेल."

"केवढा दणका?"

"बोट लावून बघ."

तिनं खरंच लावलं. केवढी किंचाळली!

"अगं, चेष्टा केली मी!" मास्तर घाबरले. ती बोट चोखत हसत होती.

सहा तारखेला ती माझ्याशेजारी फुटपाथवर उभी राहिली, त्या दिवशी सगळेच एकमेकांना फासतात ती पांढरी पावडर तोंडभर, हातात हेर्विदोचा, फळांच्या रसातल्या गरम दारूचा, ग्लास. रथ आला. म्हाताऱ्यानं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. रोसाउरा प्यायचं विसरली.

तेवढ्यात मागची बाई म्हणाली, "यंदा मेला पंख्यासारखा फिरतोय. दरवर्षी थांबायचा, वाटायचं आपल्याकडेच बघतोय."

"थांबायचा?" रोसाउरा गर्रकन वळली. "अहो, माझे हात भरून यायचे, म्हणून थांबायचा तो! कुठं थांबायचा? किती वेळ?" तिनं त्या बाईला प्रश्नांनी इतकं घेरलं की रथ कोपऱ्यावरून दिसेनासा झाला, तरी हिला पत्ता नाही.

वर्षभर तिनं प्रोग्रॅमशी झटापट केली. बोर्डाकडून ट्रान्झिस्टर इतका भराभर चालू-बंद करवला, की मोटर थांबायच्याऐवजी हळू फिरू लागली. मग मधेच, कधी इथे कधी तिथे, तिनं मोटरला विसावा दिला.

पुढच्या जानेवारीत म्हातारा देवळासमोर रेंगाळला, एका छज्ज्याकडे वळून थांबला. छज्ज्यावरल्या आजोबांनी गडबडून टोपी काढली. रोसाउरानं माझा दंड घट्ट धरला. ती म्हाताऱ्याकडे नाही, त्या आजोबांकडे बघत होती.