बालाजीची शनिवारची बैठक

बातमी आली तेव्हा मी नांदेडच्या साइटवर होतो. फोनवर लातूरहून सळई बांधणारे मिस्त्री लिंगप्पामामा बोलत होते. "साहेब, बालाजी साहेब गेले. दुपारी जिन्यात बसले, अन् उठलेच न्हाईत..."

बालाजी आणि मी नांदेडला इंजिनिअरिंगला एका खोलीत राहिलो, पुढे एकाच मालकाकडे लागलो. पुण्यातल्या एका प्रशिक्षणाहून तो परतला तो वेगळाच होऊन. तिथं त्यानं पाहिलं, कारखान्यात माल लागेल तेव्हा, लागेल तेवढाच येतो. आपल्याकडे विटांचे ढीग पडून आणि माणसं सळईची वाट बघत बसलेली, हे त्याला बघवेना. लातूरच्या दवाखान्याच्या इमारतीवर त्यानं शनिवारची बैठक सुरू केली. पुढच्या आठवड्याचं काम मिस्त्र्यांनीच सांगायचं, चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावायचं. अट एकच, होणार नसेल तर तसं सांगायचं. पहिले काही शनिवार सगळे "होईल साहेब" म्हणत राहिले. मग एकदा मामा उसळले, "न्हाई होत! सळईच न्हाई, तर काय बांधू?" बालाजीनं उठून आनंदानं त्यांचा हात हातात घेतला. त्यानंतर सळई वेळेत येऊ लागली, कामाचा मेळ बसला, मजुरांना रविवारची सुट्टी मिळू लागली.

मग मालकांनी दवाखान्याचं उद्घाटन दोन महिने अलीकडे ओढलं. मी भेटायला गेलो तेव्हा बालाजीचे डोळे खोल गेले होते. जिना चढताना तो मध्येच थांबून छाती चोळायचा.

"जमणार नाही म्हणून सांगितलंस का?"

"मिस्त्र्यांचं 'न्हाई' मी ऐकतो. माझं कोण ऐकणार?"

"मग सोड ही नोकरी."

"पोरीची बारावी हाय इथं. कुठं जाऊ सांग..."

दवाखान्यात जाऊन ये एवढं म्हणालो. उद्घाटन झाल्यावर जातो, म्हणाला.

आता त्याच्या खुर्चीवर मालकांनी मला आणून बसवलंय. पहिल्याच शनिवारी मी कुणाला बोलावलं नव्हतं, तरी सगळे मिस्त्री आपणहून आले, चिठ्ठ्यांच्या भिंतीकडे तोंड करून बसले. मामा म्हणाले, "चौथा मजला पुढच्या आठवड्यात न्हाई होत, साहेब." तेवढ्यात मालकांचा फोन आला. चौथा मजला होतोय ना?

सगळे माझ्याकडे बघत होते.

"होईल, मालक," मी म्हणालो.

बैठक अजून दर शनिवारी भरते. सगळे खरं तेच सांगतात. त्या खोलीत खोटं बोलणारा एकटा मीच.