वार लागला की नाही

रविवारी दुपारी आमटीभात ओरपल्यावर डोळा लागतो तो असा काही गोड लागतो, की यमाने हाक मारली तरी माणूस म्हणेल, पाच मिनिटं दम धर रे बाबा. शलाकाचाही तसाच लागतोय. मिरजेतल्या एका लॅबमध्ये आठवडाभर लोकांचं रक्त काढणारी ही चौतीस वर्षांची बाई, आईची जुनी साडी अंगावर ओढून पडलीय. पंखा कुरकुरतोय. स्वयंपाकघरात आई भांडी आदळतेय. एक पातेलं, दुसरं पातेलं, आणि तिसऱ्याचा आवाज येतो तो तलवारीचा.

"ऊठ ना वो! किती झोपून राहिली?"

दगडी पायऱ्यांवर नितेश वैरागडे उभा आहे. चंद्रपूरचा. वारून तीन महिने झालेला.

आता हा नितेश कोण, ते आधी सांगायला हवं. शलाकाने त्याला जन्मात प्रत्यक्ष पाहिलं नाही. पाच वर्षं दोघं फोनवर एक खेळ लिहीत होते. घोणसगड नावाचा एक खोटा किल्ला, अकरा खेळाडू, आणि प्रत्येकाकडे दोन पात्रं: एक भलं, एक बुरं. एकाने चार ओळी लिहायच्या, दुसऱ्याने गोष्ट पुढे न्यायची. नितेशचा भला म्हणजे भानजी किल्लेदार आणि बुरा म्हणजे निखारा जल्लाद. शलाकाची भली सगुणा नावाडीण, आणि बुरी चंडा दरोडेखोरीण. खरं सांगायचं तर चंडा लिहिताना तिला जी मजा यायची ती सगुणा लिहिताना कधी आली नाही. दिवसभर "थोडंसं दुखेल हं" म्हणणाऱ्या बाईने कुठेतरी शिव्या हासडायला नकोत?

खेळाचा दंडक असा, की वार करणाऱ्याने नुसता वार लिहायचा. लागला की नाही, ते ज्याच्यावर झाला त्याने ठरवायचं. आणि गटाचे भाग दोन. 'मैदाना'त फक्त पात्रं बोलणार. स्वतःचं काही सांगायचं असेल, जेवलात का, ताप आलाय का, तर ते 'ओसरी'वर.

तीन महिन्यांपूर्वी चंडा आणि भानजीची जुंपली होती. ऐन रंगात नितेशने मैदानात लिहिलं, "दम लागून राहिला. थांब जरा." शलाकाला वाटलं, भानजीच बोलतोय. भानजीही चंद्रपुरीच बोलायचा, आणि ओळ काही ओसरीवर नव्हती. तिने चंडाच्या तोंडून ठणकावलं, "थांबायला मी तुझी आई आहे का?" आणि कुऱ्हाड घातली. उत्तर नाही. तासाभराने तिने ओसरीवर टाकलं, "मेलास काय रे?" दुसऱ्या दिवशी नितेशच्या बहिणीने तिथेच कळवलं, हार्ट अटॅक आला, घरी एकटाच होता. आणि खाली विचारलं: शेवटी दादा तुमच्यापैकी कुणाला काही बोलला का?

सगळे नाही म्हणाले; मैदानातली ती ओळ त्यांनीही भानजीचीच धरली होती. शलाका काहीच म्हणाली नाही. तेव्हापासून ती एकाच गोष्टीने पोखरली गेलीय. ते वाक्य भानजीचं होतं, की नितेशचं?

"नितेश, मला विचारायचंय," ती गडाच्या पायऱ्यांवर उठून बसते.

"मैदानात मारतात बाप्पा, विचारत नाहीत," म्हणत तो तिच्या पोटात लाथ घालतो.

ती गडगडत खाली जाते. पायरीगणिक बरगडी वाजते. थांबते ती लॅबच्या फरशीवर, आणि रक्ताच्या नळ्यांचं अख्खं स्टँड तिच्यावर कोसळतं. काचा तळहातात घुसतात. नितेशचे खांदे रुंदावलेत, तोंडाला काजळी लागलीय, तो आता निखारा झालाय. स्टूल उचलून तो तिच्या जबड्यावर हाणतो. एक दात फरशीवर टणकन उडतो.

"तुझा मुडदा बशिवला!" शलाका रक्त थुंकत ओरडते.

"बसवला की. तीन महिने झाले."

तिला हसू येतं आणि त्याचाच संताप येतो. हातात कुऱ्हाड कधी आली ते तिला कळत नाही. ती सरळ त्याच्या मांडीत हाणते. हाडापर्यंत फाटतं.

"लागला?"

"नाही लागला," तो म्हणतो, आणि मांडी मिटते. काजळीही जाते. आता समोर भानजी आहे, ढाल घेऊन. दोघं एकमेकांवर तुटून पडतात, ढालीच्या धक्क्याने भिंत ढासळते, आणि पलीकडे एक खोली असते. कूलर घरघरतोय. चुरगळलेली चादर. जमिनीवर पडलेला फोन उजळलेला आहे. शलाका या खोलीत कधी आलेली नाही, तरी ही कुणाची खोली ते कुणी सांगावं लागत नाही.

नितेश पलंगाला टेकून घसरतो. छातीवर हात. "दम लागून राहिला. थांब जरा."

ती थांबते. कुऱ्हाड टाकून देते आणि त्याची कॉलर धरून गदागदा हलवते. "हे कोण बोललं? तू का भानजी? बोल ना मेल्या! तीन महिने मला घास गोड लागत नाही!" ती त्याच्या फाडकन थोबाडीत देते.

"मीच," तो म्हणतो. "ओसरी शोधायला ताकद नव्हती. मैदान उघडंच होतं."

शलाका टाकून दिलेल्या कुऱ्हाडीकडे बघते. "आणि मी कुऱ्हाड घातली."

"घातली. वाचली मी. शेवटचं तेच वाचलं."

ती हंबरडा फोडते. तीन महिने आत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर येतं.

"काऊन रडून राहिली? रडून काय होते?" तो खेकसतो. "मला उत्तर लिहायचं होतं. बोटं चालली नाहीत. पाच वर्षांत एकाचाही वार मी अधांतरी ठेवला नाही. उचल कुऱ्हाड."

"नाही."

"उचल!"

"नाही म्हणते ना! तुला मी दोनदा मारू का?"

तो तिच्यावर झेप घेतो. तिला पालथी पाडतो, डावा हात पिरगाळतो, आणि कोपराच्या मागे कचकचून चावतो. असं चावतो की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. शलाका किंचाळते, उजव्या हाताला लाकडी दांडा लागतो, ती वळते आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून घाव घालते. खांद्यापासून छातीपर्यंत. हाड तुटल्याचं तिला दांड्यातून कळतं.

नितेश छातीकडे बघतो. एखाद्याने मन लावून रांधलेलं चाखावं तसा क्षणभर विचार करतो.

"लागला," तो म्हणतो.

चार वाजलेत. पंखा कुरकुरतोय, चहाचं आधण वाजतंय, आणि शलाकाचं डावं कोपर पेटलंय. आरशाकडे पाठ करून ती बघते. कोपराच्या मागे दातांच्या दोन कमानी उमटल्यात, दोन जागी रक्त आलंय. ताजं. रक्तातलं तिला कळतं. झोपेत आपणच चावलो असू म्हणून ती हात दुमडते, मान वाकडी करते, खांदा उखडेस्तोवर ओढते. तोंड पोचत नाही.

आई चहा घेऊन दारात. "काय गं हे? कुणी कोपराला गूळ लावलाय का?" मग जवळ येते, आणि तिचा आवाज उतरतो. "अगं बाई... कोण चावलं हे?"

"हळद आण," शलाका म्हणते.

आई हळद चेपत असताना ती दुसऱ्या हाताने फोन घेते, ओसरी उघडते, आणि बहिणीच्या प्रश्नाखाली लिहिते, "बोलला. माझ्याशीच बोलला. थांब म्हणाला, आणि मी थांबले नाही."