दस्तीखालचा हात

अतिदक्षता विभागाच्या खिडकीतून मार्गशीर्षातलं कोवळं ऊन दादाच्या पायांपर्यंत येई आणि तिथंच थबके. औषधांच्या उग्र दर्पात माझ्या सदऱ्याला चिकटलेला कडब्याचा, शेणाचा वास तेवढा ओळखीचा वाटे. चारठाण्याच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरून माझ्या थोरल्या भावाचं डोकं दगडावर आपटलं, त्याला तीन महिने होत आले होते. डोळे उघडत, पण त्यांच्याआड आमचा दादा उरला आहे की नाही, एवढंच कळत नव्हतं.

परभणीच्या त्या दवाखान्यात मोठ्या शहरातले तरुण डॉक्टर मेंदूच्या अत्यवस्थ रुग्णांची निगा शिकायला महिन्या-महिन्याच्या पाळीवर येत. एकाला दादाची ओळख पटू लागली की त्याची पाळी संपे आणि नव्यापुढे मी तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगे. म्हणून या पाळीच्या डॉक्टर मॅडम त्या सकाळी "काका, उद्यापासून मी नाही," म्हणाल्या तेव्हा माझा तोल गेला.

"आमचा माणूस म्हंजे तुमची पाटी हाय का? शिकलं की पुसलं!"

जागरणानं सुजलेले डोळे चोळत त्यांनी दादाच्या तळव्यात बोटं ठेवली. "हात दाबा." दादानं दाबला.

"बघा! ऐकायलाय की!"

"काका, दाबतं तान्हं बाळही. सांगितल्यावर सोडलं, तर समजलं म्हणायचं." मग त्या वाकून तीनदा म्हणाल्या, "हात सोडा." दादानं सोडला नाही.

आम्ही दोघं भाऊ बैलबाजारातले दलाल. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. हातांवर दस्ती, म्हणजे रुमाल, टाकायची, बोटं दाबून आकडा सांगायचा, नाही पटला तर समोरचा हात सोडतो. माझी गिऱ्हाइकं त्यानं ओढली, हा सल धरून पाच वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. चिडूनच मी मॅडमची बोटं बाजूला केली, खिशातली दस्ती त्याच्या हातावर टाकली आणि उमद्या बैलजोडीला लाज वाटावी इतका पडता भाव दाबला.

पकड क्षणभर राहिली. मग एकेक बोट सैल होत गेलं.

"परत करा," मॅडम पुटपुटल्या. रास्त भाव दाबला, पकड टिकली. पडता दाबला, सुटली.

"काय सांगितलंत त्यांना?"

"लय पडेल भाव."

"म्हणजे रागावलेत!" महिन्याभरात त्या पहिल्यांदा हसल्या. लगेच फाइलीत दस्ती कशी टाकायची, बोटं कशी धरायची, सगळं लिहिलं. "नव्या डॉक्टरांना तुम्हीच दाखवा. दोनदा झालं म्हणजे खात्री नव्हे."

मी स्टुलावर बसून राहिलो. पाच वर्षांच्या अबोल्यानंतरही कुठल्या आकड्याला तो हात सोडेल, हे मला नेमकं ठाऊक होतं. हात माझा होता, हे त्याला कळलं का? आमच्या बोटांच्या भाषेत ते विचारायला खूणच नाही.