बन्सीधर सुताराची फळी

राणीसावरगावच्या बन्सीधर सुताराला आपल्या कामात कुणी खोट काढलेली खपायची नाही. बाजेचा पाय डुगडुगतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकालाच तो सुनवायचा, "तुमची जमीन वाकडी हाय!"

नात ईश्वरी रांगत रांगत उंबऱ्याकडं धाव घ्यायला लागली, तेव्हा त्यानं दारात सागवानाची फळी आडवी ठोकली. सुनेला म्हणाला, "आता शेळीचं करडूबी हिच्यावरून जायचं न्हाई."

दुसऱ्याच दुपारी तो ओसरीवर रंधा मारत बसला होता. ईश्वरी फळीला धरून उभी राहिली, पोटावर वर चढली अन् पलीकडं घसरून थेट आजोबाच्या ढलप्यांत येऊन बसली.

हातातला मोबाइल टाकून सून वैष्णवी धावत आली. "मामा, फळी बुटकी झाली की!"

"बुटकी?" बन्सीधर गरजला. "फळी बरोबर मापाची हाय. पोरगीच लय तयारीची निघाली!"

लेकरानं पहिल्यांदा उंबरा ओलांडला की नारळ फोडतात, तसा त्यानं फोडला. मग खोबरं वाटायला बाहेर पडला आणि जन्मात पहिल्यांदाच आपलं काम फसल्याचं गावभर सांगत सुटला.