आमची मावशी आणि थेंबभर दूध

आमच्या मावशीकडे जेवायला जायचं म्हणजे आदल्या दिवसापासून पोटाची तयारी करावी लागते. 'नको' म्हटलं की पाहुणा लाजतोय असं ती समजते. 'खरंच नको' म्हटलं की फारच लाजतोय असं समजते. पानावर दोन्ही हात आडवे धरले तर बोटांच्या फटीतून वाढते. एकदा गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तिने आधी जेवायला बसवलं. तो जेवला आणि तिथेच आडवा झाला. नळ संध्याकाळपर्यंत गळत होता. काकांबद्दल, म्हणजे तिच्या नवऱ्याबद्दल, एवढंच सांगतो की लग्नाच्या फोटोत त्यांना मान आहे. त्यानंतर ती कुणी पाहिलेली नाही.

बारीक माणूस मावशीच्या लेखी दोनच प्रकारचा. एक तर दुःखी, नाही तर चिक्कू. माझी गणना ती पहिल्या प्रकारात करते आणि त्यावर उपचारही करते.

अशा या बाईच्या सुनेला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आणि मावशीला नात झाली. नात कसली, नातीचा कच्चा खर्डा! काकांच्या तळहातावर मावेल एवढा जीव. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकातून पोटात सुतासारखी नळी घातली आणि पायाच्या शिरेत सुई लावली. मावशी हात धुऊन, हिरवा डगला चढवून आत गेली. डगला तिला पुढून पुरला, मागून नाही. पेटीत एकदा वाकून बघितल्यावर तिने हेडसिस्टरला गाठलं. ही हेडसिस्टर अंगाने छडीसारखी होती, आणि आवाजही छडीचाच.

"दूध किती देता हिला?"

"सध्या चमच्याच्या तळाला लागेल एवढं. नळीतून."

"आणि मग?"

"मग काही तासांनी परत तेवढंच. पचलं तर उद्या थेंबभर वाढवू."

"अहो, चिमणीसुद्धा याच्याहून जास्त खाते!"

"चिमणी पूर्ण दिवसांची असते, आजी."

हेडसिस्टरने मग नीट समजावून सांगितलं. बाळाचं आतडं अजून कच्चं आहे, त्याला काम हळूहळू शिकवायचं. तोवर लागणारी साखर, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ सगळं शिरेतून जातंय. तोंडाचं म्हणाल तर फक्त आईचं दूध, जेवढं निघेल तेवढं. त्यातला थेंबसुद्धा औषध आहे. दुसरं काही नाही. पाणीही नाही.

मावशीने मान डोलावली. तिची मान डोलते तेव्हा तिला काही पटलेलं नसतं, हे आम्हा घरच्यांना माहीत आहे. बाहेर येऊन ती मला म्हणाली, "शिरेतून जेवण! ना वास, ना चव. आणि ती सिस्टर बघितलीस? स्वतः उपाशी दिसते, दुसऱ्याला काय भरवणार!"

सूनबाई वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात होती. पोटाला टाके, हातात उकळून घेतलेली झाकणाची वाटी. तासभर खटपट करून ती दूध काढायची, पिवळसर, घट्ट आणि जेमतेम वाटीचा तळ झाकेल इतकं. ती वाटी खाली नेऊन द्यायचं काम मावशीकडे होतं. खाली अतिदक्षता विभागाच्या दारासमोर वाट्या घेतलेल्या बायकांची रांग लागायची, आणि वरवर ती साधी रांग दिसली तरी प्रत्यक्षात ते प्रदर्शन होतं. प्रत्येकीची नजर दुसरीच्या झाकणावर. मावशीच्या पुढे नेहमी एक जाडजूड मोत्यांच्या माळेची आजी उभी असे. तिच्या नातवाची पेटी शेजारचीच. ही बाई दर चार पावलांवर 'सांडलं तर नाही ना' म्हणून झाकण उघडून बघायची. म्हणजे आपोआप सगळ्यांना दिसायचं.

"आमच्या सुनेला बाई आवरतच नाही," ती म्हणायची. "तुमच्या सुनेचं कसं काय? आज तरी आलं का?"

आमच्या मावशीच्या हातून आजवर कुणापुढे अर्धं भांडं गेलं नव्हतं. ती वाटी पदराखाली धरून उभी राहायची. ज्या बाईने वरातीतल्या घोड्यालाही आग्रह करून खायला घातलं, तिने वाटी लपवायची?

एके दिवशी सकाळी मात्र ती ताठ मानेने रांगेत शिरली. मोत्यांच्या माळेने झाकण उघडलं, तसं हिनेही उघडलं. वाटी काठोकाठ! माळेचा चेहरा पडला. दारात त्या दिवशी नवीनच लागलेली सिस्टर होती. ती म्हणाली, "अरे वा आजी, आज वाटी भरली की!" मावशी म्हणाली, "आमच्या घरात कशाला कमी नाही." सिस्टरने नातीच्या वाट्याचं तेवढंच, चमच्याच्या तळाएवढं, मोजून सिरिंजमध्ये घेतलं आणि उरलेलं सगळं बाटलीत ओतून, सूनबाईच्या नावाची चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये ठेवलं. म्हणजे वाटी भरली ती माळेसाठी. नातीला एक थेंबही जास्त मिळाला नाही.

दुपारी नातीचं पोट ढोलकीसारखं ताणलं. नळीतून हिरवट पाणी उलटलं. हेडसिस्टरने दूध तडकाफडकी बंद केलं आणि डॉक्टरांना बोलावलं. हे डॉक्टर हुशार होते म्हणतात, पण आम्ही त्यांच्या तोंडून 'बघूया' याखेरीज शब्द ऐकला नव्हता. बाळ वाचेल ना? बघूया. दूध कधी सुरू? बघूया. लिफ्ट बंद आहे का हो? बघूया. त्यांनी पोटाचा फोटो काढायला सांगितला, रक्त तपासायला पाठवलं आणि विचारलं, "आईचंच दूध दिलं ना? दुसरं काही?"

हेडसिस्टर छाती काढून म्हणाली, "सर, माझ्या वॉर्डात दुसरं काही येऊच शकत नाही."

तिच्या मागेच मावशी उभी होती. हातातली पिशवी तिने पदराखाली घेतली.

बातमी वर पोचायला वेळ लागला नाही. मी कपड्यांची पिशवी घेऊन वॉर्डात गेलो तेव्हा सूनबाईने वाटी बाजूला सारली होती. "माझंच दूध बाधलं तिला," ती म्हणत होती. "मी आता काढणार नाही. एक थेंबही नाही." मावसभाऊ खिडकीशी उभा राहून 'शांतता राखा' ही पाटी मन लावून वाचत होता. हेडसिस्टर स्वतः वर आली होती आणि तिच्या आवाजातली छडी पार वाकली होती.

"अगं बाई, आत्ता थांबलीस तर दूध आटेल. उद्या तिचं पोट निवळलं की काय देऊ मी तिला? तुझ्या दुधासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही."

सूनबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता मावशीने आजवर चूक कबूल केलेली कुणी ऐकलेली नाही. मीठ जास्त पडलं तर चूक मिठाची. दूध उतू गेलं तर भांडं उथळ. ती स्टुलावरून उठली, पिशवीतून थर्मास काढला, सुनेच्या उशाजवळच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ह्यातलं घातलं मी."

"काय घातलं?" हेडसिस्टरने विचारलं.

"दूध. घरचं. चांगलं उकळून, दोनदा गाळून आणलं होतं, सुनेला प्यायला. वाटी फार रिकामी दिसत होती हो."

"रिकामी?" म्हणत हेडसिस्टर जिन्याकडे धावली. फ्रिजमधली ती बाटली फेकली, डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा 'बघूया' विसरून "कमाल आहे!" म्हणाले. मग ती पुन्हा वर आली आणि मावशीला शब्दांनी असं झोडपलं, की शेजारच्या खाटांवरच्या बायकांनी आपापले डबे पिशवीत दडवले. मावशीने ते सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "तसं नाही हो" म्हणाली नाही.

सूनबाई केव्हाच वळून बघत होती.

"आई, तुम्हाला माझी लाज वाटत होती?"

"तुझी नाही गं," मावशी म्हणाली. "वाटीची."

सूनबाई रडता रडता हसायला लागली. टाके दुखले म्हणून कळवळली, परत हसली. मग म्हणाली, "द्या ती इकडे." आणि वाटी पुढे ओढली.

मधले काही दिवस वाईट गेले. नात नुसत्या शिरेतल्या अन्नावर होती. मावशी बाकावर बसून राहायची आणि कुणी काही खायला पुढे केलं तर "नको" म्हणायची. तिचं ते 'नको' ऐकून काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एका सकाळी नातीचं पोट मऊ लागलं, फोटोही चांगला आला, आणि आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. भांडं अर्थात तीच वाटी. थर्मास जप्त झाला होता. वाटीचं झाकण आता वरच्या वॉर्डातच चिकटपट्टीने बंद व्हायचं आणि पट्टीवर तिथल्या सिस्टरची सही असायची. ती सही सगळ्यांना दाखवत मावशी रांगेतून जायची, जणू आपल्याला पदक मिळालंय.

पुढे सूनबाई नातीला अंगाला अंग लावून छातीशी धरू लागली, तेव्हा नळीची सिरिंज वर धरायला कुणीतरी हवं होतं. हेडसिस्टरने मावशीला बोलावलं. सूड असावा.

"दाबायचं नाही. हलवायचं नाही. आपोआप जेवढं उतरेल तेवढं उतरेल."

जिने जन्मभर लोकांच्या घशात घास ढकलले ती बाई हात वर करून पुतळ्यासारखी उभी राहिली. दूध मुंगीच्या पावलांनी उतरत होतं. मोत्यांची माळ शेजारून म्हणाली, "जरा उंच धरा, भरभर जाईल."

"भरभर कशाला?" मावशी नजर न हलवता म्हणाली. "हिची गाडी चुकतेय का?"

डॉक्टर फेरीवर आले. तक्ता चाळून म्हणाले, "छान. आज थोडं जास्तच वाढवूया का?"

"पोट बघितलंत आधी?" मावशीने विचारलं.

"अं... बघूया."

"बघा. आणि सिस्टर सांगतील तेवढंच वाढवा. जास्त नको." तिच्या तोंडून हे शब्द निघाले तेव्हा हेडसिस्टरने दुसरीकडे तोंड करून उगाचच एक यंत्र पुसलं.

मला वाटलं, बाई सुधारली. त्याच आठवड्यात विश्वासाने तिच्याकडे जेवायला गेलो. दुसऱ्या वाढपाला पानावर हात आडवे धरून म्हटलं, "मावशी, पुरे. तूच म्हणालीस ना, जास्त नको."

"ते तिच्यासाठी," मावशी म्हणाली आणि बोटांच्या फटीतून वाढलं. "तू पूर्ण दिवसांचा आहेस."