योल्दोशालीचं खात्रीचं यंत्र

...तर नाडी मोजायचं यंत्र घेण्यापर्यंत आलो होतो ना काल? हां. मर्गिलानच्या औषधाच्या दुकानात योल्दोशाली ठाण मांडून बसलेला. बोटाला लावायचा चिमटा, मनगटावरचं घड्याळ, दंडाला गुंडाळायचा फुगणारा पट्टा, सगळं स्वतःवर लावून पाहिलं. खरबुजाची फोड चाखल्याशिवाय दाम न देणारा माणूस. यंत्र काय तसंच उचलणार? त्याच सकाळी डॉक्टरीण मुअत्तरबाईंनी मनगट धरून त्याची नाडी मोजली होती. तिच्याशी जुळेल ते खरं, बाकी सगळी खेळणी.

"बाबा, यंत्र घेताय का जावई?" दुकानदार वैतागला.

"जावई खोटा निघाला तर लेक माघारी येते. हे खोटं निघालं तर बायको जायची."

दंडाचं जुळलं. तेच घेतलं.

बायको म्हणजे साओदत. रोट्या लावता लावता तंदुरापाशी घेरी येऊन पडली होती. मुअत्तरबाईंना संशय, की हिची नाडी मधूनच एकदम मंदावते. "आठवडाभर मोजा. घेरी आली की लगेच मोजा. आकडे यंत्रच लक्षात ठेवतं. नाडी खरंच फार खाली जात असेल, तर ताश्कंदला नेऊन छातीत यंत्र बसवावं लागेल, आणि तेही तातडीनं."

पहिले दोन दिवस बरे गेले. मग गल्लीला कळलं. आजाऱ्याला भेटायला जो येई तो चहा घेई, रोटी मोडी आणि बाही वर सारी. "बघू तरी आमचं काय म्हणतंय!" पाहुणा बापाहून थोर, त्याला नाही कसं म्हणायचं? प्याल्यासारखं यंत्र हातोहात फिरू लागलं. योल्दोशालीनं एकदा ते उशीखाली दडवलं, तर साओदतनंच काढून गल्लीतल्या होजार मावशीपुढे धरलं. "अहो, माणूस दारात आलंय. जीव चाललाय का तुमचा?"

"माझा नाही गं," तो पुटपुटला. कोण ऐकतंय!

आठवडा सरला. दवाखान्यात मुअत्तरबाई बटण दाबत आकडे वाचू लागल्या आणि थबकल्या. "एकशेदहा? हे कुणाचं?"

"होजार मावशीचं. सुनेशी भांडून आली होती."

"हे अठ्ठ्याण्णव?"

"खाटकाचं. पुलाव जास्त झाला होता."

"आणि हे परवा दुपारचं चव्वेचाळीस?"

 त्या दुपारी साओदतला पुन्हा घेरी आली होती; योल्दोशालीनं मोजलं होतं, पण तिला सावरण्याच्या घाईत आकडा ध्यानात राहिला नाही. त्याच दुपारी शेजारचा पहिलवान एर्किनही दंड फुगवून मोजून गेला होता.

"तालमीतल्या पोराची नाडी चव्वेचाळीस असली तर तो धडधाकट," बाई म्हणाल्या. "पण हे साओदतमावशीचं असेल, तर आजच ताश्कंद. आठवा बाबा, कुणाचं?"

म्हाताऱ्यानं यंत्र हातात उलटसुलट फिरवलं. इतकं पारखून घेतलेलं. एक आकडा खोटा नव्हता त्यात. पण कुणाचा, ते यंत्राला कुठून कळणार?

बाईंनी साओदतची नाडी पुन्हा पाहिली होती. आत्ता ती अगदी ठीक होती. दाराबाहेर बाकावर बसून साओदत घरची रोटी अनोळखी लोकांत वाटत होती.

"मग आणखी आठवडाभर मोजा," मुअत्तरबाईंनी सुस्कारा सोडला. "मधे काही झालं नाही म्हणजे मिळवली. पण या खेपेला दार लावून घ्या. कुणी आलं तर माघारी लावा."

योल्दोशालीनं दाराबाहेर पाहिलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दार मी लावीन हो बाई. पण आतून उठून तीच उघडते."